हप्त्याचा हिशेब मांडणारा खगोलशास्त्रज्ञ

आयुर्विम्याचा अर्ज भरताना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची आता शहरी मध्यमवर्गाला चांगलीच सवय झाली आहे. वय किती? व्यवसाय कोणता? आई-वडील कोणत्या आजाराने गेले? विडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा यांपैकी कशाचे व्यसन आहे काय? या उत्तरांवर हप्ता ठरतो. एकाच कचेरीत शेजारी बसणारे, एकाच पगाराचे दोन कारकून एकाच रकमेचा विमा उतरवतात. पण पंचवीस वर्षांच्या निर्व्यसनी तरुणाला कमी आणि पंचेचाळिशीतल्या धूमपान करणाऱ्याला त्याच्या कितीतरी पट अधिक रक्कम मोजावी लागते. हा भेदभाव आहे की न्याय, असा प्रश्न अनेकांच्या मनात येतो.

हा प्रश्न नवा नाही. त्याला पहिले गणिती उत्तर १६९३ साली लंडनमध्ये मिळाले. ते देणारा माणूस विम्याच्या धंद्यातला नव्हता, की वैद्यही नव्हता. तो होता एडमंड हॅले. दर ७५-७६ वर्षांनी येणाऱ्या धूमकेतूला ज्याचे नाव दिले गेले, तोच हा खगोलशास्त्रज्ञ. धूमकेतूच्या तेजाने त्याची इतर कामे झाकोळून गेली. मात्र आज जगभरात कोट्यवधी लोक जो विम्याचा हप्ता भरतात, त्यामागच्या हिशेबाचा पाया त्याच्या एका निबंधात आहे.

साबणवाल्याचा मुलगा

आजच्या कालगणनेनुसार ८ नोव्हेंबर १६५६ रोजी लंडनजवळच्या हॅगर्स्टन येथे हॅलेचा जन्म झाला. वडील साबणाचे श्रीमंत कारखानदार. हॅले आठ वर्षांचा असताना, १६६५ मध्ये, लंडनमध्ये प्लेगने थैमान घातले. पुढच्याच वर्षी लागलेल्या प्रचंड आगीत निम्मे-अधिक शहर भस्मसात झाले आणि वडिलांच्या मालमत्तेचेही नुकसान झाले. तरीही मुलाच्या शिक्षणात त्यांनी काही कमी पडू दिले नाही. सेंट पॉल शाळेतून १६७३ साली तो ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात दाखल झाला, तेव्हा त्याच्याजवळ स्वतःची दुर्बीण आणि इतर उपकरणे होती.

पदवी हाती पडण्यापूर्वीच, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने जहाज पकडले आणि दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना बेट गाठले. उत्तर गोलार्धातून न दिसणाऱ्या ताऱ्यांची नोंद करणे हा हेतू होता. ढगाळ हवामानाशी झगडत त्याने ३४१ ताऱ्यांची स्थाने निश्चित केली. परतल्यावर १६७८ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला आणि राजाच्या आज्ञेने ऑक्सफर्डने त्याला परीक्षेविना पदवी दिली.

१६८२ साली त्याचा मेरी टूक हिच्याशी विवाह झाला. त्याच वर्षी आकाशात आलेल्या एका धूमकेतूचे त्याने निरीक्षण केले. पण १६८४ च्या मार्चमध्ये घरावर आघात झाला. वडील एके दिवशी घराबाहेर पडले ते परतलेच नाहीत. पाच आठवड्यांनी त्यांचा मृतदेह सापडला. मृत्यूचे गूढ उकलले नाही आणि मागे उरलेल्या इस्टेटीवरून सावत्र आईशी कोर्टकचेरी सुरू झाली. कर्ता पुरुष अचानक गेला म्हणजे मागे काय होते, हे हॅलेने असे घरातच पाहिले.

त्याच वर्षी तो केंब्रिजला जाऊन न्यूटनला भेटला. ग्रहांच्या कक्षांविषयी त्याने विचारलेल्या प्रश्नातून पुढे न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ उभा राहिला. रॉयल सोसायटीने माशांवरील एका ग्रंथाच्या छपाईवर पैसे घालवले होते. तिजोरी रिकामी होती. तेव्हा हॅलेने स्वतःच्या खिशातून खर्च करून १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’ छापून घेतला. सोसायटीने मात्र त्याच्या पगाराच्या बदल्यात त्याला न खपलेल्या मत्स्यग्रंथाच्या प्रती दिल्या!

ब्रेस्लाऊचे कागद

त्या काळी आयुष्यावर पैसे लावण्याचे दोन प्रकार इंग्लंडमध्ये रूढ होते. पहिला प्रकार विम्याचा. लंडनचे व्यापारी जहाजांबरोबर माणसांच्या जिवाचाही अल्प मुदतीचा विमा उतरवत. १५८३ साली विल्यम गिबन्स नावाच्या इसमाचा असा एक वर्षाचा विमा उतरवला गेला आणि वर्ष पुरे होण्याआधीच तो मरण पावला. विमा देणाऱ्यांनी वर्ष म्हणजे अठ्ठावीस दिवसांचे बारा महिने, असा दावा करून पैसे नाकारण्याचा प्रयत्न केला. न्यायालयाने तो फेटाळला. अशा व्यवहारात दर ठरे तो अंदाजाने आणि घासाघीस करून.

दुसरा प्रकार वर्षासनाचा. सरकारला एकरकमी पैसे द्यायचे आणि मरेपर्यंत दरवर्षी ठरावीक रक्कम घ्यायची. फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी इंग्लंडच्या सरकारला पैशांची निकड होती. १६९३ च्या सुमारास सरकारने १०० पौंडांवर दरवर्षी १४ पौंड देऊ केले. घेणारा दहा वर्षांचा असो वा सत्तर वर्षांचा, दर एकच.

या व्यवहारात कोण फायद्यात आणि कोण तोट्यात, हे सांगण्यासाठी एक गोष्ट हवी होती. ती म्हणजे कोणत्या वयात किती माणसे मरतात याची खात्रीलायक नोंद. लंडनमध्ये मृत्यूंची साप्ताहिक पत्रके निघत आणि १६६२ साली जॉन ग्रॉन्टने त्यांचा पद्धतशीर अभ्यासही केला होता. परंतु त्या पत्रकांत मृताचे वय नसे. शिवाय लंडनमध्ये बाहेरून येणाऱ्यांची रीघ लागलेली. जन्मलेले वेगळे आणि मरणारे वेगळे, अशी अवस्था.

ही उणीव भरून निघाली ती सायलेशिया प्रांतातील ब्रेस्लाऊ या शहरामुळे. आज हे शहर पोलंडमध्ये आहे आणि व्रॉत्स्वाफ या नावाने ओळखले जाते. तेथील धर्मोपदेशक कास्पर नॉयमन याने चर्चच्या नोंदवह्यांतून जन्म-मृत्यूंची वयवार टिपणे काढली होती. सातच्या पटीतली वर्षे माणसाला घातक असतात, एकोणपन्नास आणि त्रेसष्ट ही तर विशेष घातक, अशी त्या काळी समजूत होती. ती खरी आहे का, हे नॉयमनला तपासायचे होते. आकड्यांतून या समजुतीला आधार मिळाला नाही. पण ते कागद लंडनला रॉयल सोसायटीकडे पोहोचले आणि हॅलेच्या हाती पडले.

१६८७ ते १६९१ या पाच वर्षांत ब्रेस्लाऊमध्ये ६,१९३ जन्म आणि ५,८६९ मृत्यू झाले होते. शहर समुद्रापासून दूर, परक्यांची ये-जा बेताची. त्यामुळे येथे जन्मणारे बहुतांशी येथेच मरतात, असे मानता येत होते. हॅलेने या आकड्यांवरून एक कोष्टक तयार केले. पहिल्या वर्षातील १,००० मुलांपासून सुरुवात करून प्रत्येक वयाला त्यांपैकी किती शिल्लक राहतील, हे त्यात मांडले. विसाव्या वर्षी ५९८, तिसाव्या वर्षी ५३१, चाळिसाव्या वर्षी ४४५, पन्नासाव्या वर्षी ३४६, साठाव्या वर्षी २४२, सत्तराव्या वर्षी १४२ आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी उरतात अवघे २०.

कोष्टक बोलू लागते

या एका कोष्टकातून हॅलेने अनेक उत्तरे काढली. तीस वर्षांच्या माणसाला आणखी किती आयुष्य अपेक्षित धरावे? त्या वयाच्या ५३१ जणांपैकी निम्मे उरतात ते सत्तावन्न-अठ्ठावन्नाव्या वर्षी. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे जगण्याची शक्यता निम्मी-निम्मी. चाळीस वर्षांचा माणूस आणखी सात वर्षे जगेल काय? ४४५ पैकी ३७७ जण सत्तेचाळिशी गाठतात, ६८ जण वाटेत गळतात. म्हणजे पारडे साडेपाचास एक असे जगण्याच्या बाजूने झुकते.

यानंतर त्याने विम्याच्या मुळाला हात घातला. जिवाच्या विम्याचा दर वयाप्रमाणे ठरला पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. वीस वर्षांचा माणूस वर्षभरात मरणार नाही, याला शंभरास एक अशी शक्यता आहे. पन्नाशीच्या माणसाच्या बाबतीत ती केवळ अडतीसास एक एवढीच उरते. साध्या भाषेत सांगायचे तर व्याज आणि खर्च बाजूला ठेवून, एक वर्षासाठी १,००० पौंडांचा विमा उतरवायला विशीतल्या तरुणाकडून सुमारे १० पौंड घेणे पुरेसे आहे, तर पन्नाशीच्या गृहस्थाकडून सुमारे २६ पौंड घ्यावे लागतील. दोघांकडून सारखेच घेतले तर तरुणाच्या पैशातून वृद्धाचा विमा चालवल्यासारखे होईल. हे लक्षात येताच तरुण बाहेर पडतील, मागे वयस्कच उरतील आणि विमा देणारा बुडेल.

वर्षासनाचा हिशेबही त्याने सहा टक्के व्याज धरून मांडला. दहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यावर घेतलेल्या एक पौंडाच्या वर्षासनाची रास्त किंमत १३.४४ पौंड, साठाव्या वर्षी ७.६० पौंड, तर सत्तराव्या वर्षी ५.३२ पौंड. याचा अर्थ सरकार १०० पौंडांना जे १४ पौंडांचे वर्षासन विकत होते, त्याचे खरे मोल लहान मुलाच्या नावावर सुमारे १८८ पौंड, तर सत्तरीच्या वृद्धासाठी जेमतेम ७४ पौंड होते. खजिना उघड उघड तोट्यात जात होता. गंमत अशी की, हॅलेचा निबंध वाचून सरकारने धोरण बदलले नाही. पुढेही दीर्घकाळ वर्षासने वयाचा विचार न करताच विकली गेली.

पुढे हॅले हिशेबापलीकडे गेला. ब्रेस्लाऊमध्ये दरवर्षी जन्मणाऱ्या १,२३८ मुलांपैकी सतराव्या वर्षापर्यंत ६१६ उरतात, म्हणजे निम्मी मुले त्याआधीच दगावतात, हे त्याने दाखवून दिले. आयुष्य अकाली संपले म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी, आपण कितीजणांपेक्षा अधिक जगलो हे पाहावे आणि नशिबाचे आभार मानावेत, असा त्याचा सल्ला होता.

स्वतःचा धोका

आजच्या विमा कंपनीच्या अर्जात व्यवसायातील धोक्याचा रकाना असतो. हॅलेने तो प्रामाणिकपणे भरला असता तर कंपनीच्या अधिकाऱ्याच्या कपाळावर नक्कीच आठ्या पडल्या असत्या. बुडालेल्या जहाजातील माल काढण्यासाठी त्याने १६९१ च्या सुमारास पाणबुड्यांची घंटा सुधारली आणि साथीदारांसह तिच्यात बसून सुमारे १८ मीटर खोल पाण्याखाली दीड तास काढला. १६९८ ते १७०० या काळात ‘पॅरामोर’ या छोट्या जहाजाचा कप्तान होऊन त्याने अटलांटिक पालथा घातला. होकायंत्राचा काटा कोठे किती ढळतो, हे मोजणे हा उद्देश होता. दक्षिणेला ५२ अंशांपलीकडे धुक्यात हिमनगांनी जहाजाला घेरले आणि सारे थोडक्यात बचावले. खलाशांच्या संगतीत राहून हॅले त्यांच्यासारखाच शिवराळ बोलतो आणि ब्रँडी पितो, अशी तक्रार राजज्योतिषी फ्लॅमस्टीड करीत असे.

त्याआधी, १६९१ साली, ऑक्सफर्डच्या खगोलशास्त्राच्या प्राध्यापकपदाने त्याला हुलकावणी दिली होती. त्याच्या धार्मिक मतांबद्दलचा संशय आड आला होता. अखेर १७०४ मध्ये त्याच विद्यापीठात तो भूमितीचा प्राध्यापक झाला. पुढच्या वर्षी त्याने धूमकेतूंवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १५३१, १६०७ आणि १६८२ साली दिसलेला धूमकेतू एकच असून तो १७५८ च्या सुमारास पुन्हा येईल, असे भाकीत त्यात होते. १७२० साली फ्लॅमस्टीडच्याच जागी त्याची राजज्योतिषी म्हणून नेमणूक झाली. तेव्हा तो त्रेसष्ट वर्षांचा होता. त्या वयात त्याने चंद्राच्या गतीचे अठरा वर्षे चालणारे निरीक्षण हाती घेतले आणि ते पुरेही केले.

आजच्या कालगणनेनुसार २५ जानेवारी १७४२ रोजी ग्रिनिच येथे, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्याच्या स्वतःच्या कोष्टकात चौऱ्याऐंशीव्या वर्षी हजारांतले वीसच शिल्लक होते. इतके धोके पत्करलेला हा माणूस त्या विसांतला निघाला. यात त्याचे कोष्टक चुकले असे कोणी म्हणणार नाही. कोष्टक हजारांविषयी बोलते, एकाविषयी नाही. विम्याचा हप्ता ठरतो तो हजारांवरून. भरतो मात्र एकटा माणूस. हप्त्याविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या विसंगतीत आहे.

कोष्टकाचा पुढचा प्रवास

हॅलेची कल्पना विमा व्यवसायाने लगेच उचलली नाही. १७०६ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅमिकेबल सोसायटीत बारा ते पंचेचाळीस वर्षे वयाच्या सर्वांची वर्गणी सारखीच असे. हॅलेचा मित्र, गणितज्ञ अब्राहम द म्वाव्र याने १७२५ साली त्याच्या कोष्टकावरून वर्षासनाचे हिशेब सोपे करून दाखवले. त्यानंतर जेम्स डॉडसन या गणितज्ञाला वय अधिक म्हणून अ‍ॅमिकेबलने प्रवेश नाकारला, तेव्हा त्याने चंग बांधला. प्रवेशाच्या वयाप्रमाणे हप्ता ठरवायचा आणि मग तो आयुष्यभर तेवढाच ठेवायचा, अशी पद्धत त्याने आखली. १७५७ मध्ये तो वारला. मात्र १७६२ साली इक्विटेबल सोसायटी त्याच्या पद्धतीवर उभी राहिली. वय जास्त म्हणून दार बंद करण्याऐवजी, वयाप्रमाणे दर घेऊन दार उघडता येते, हे तिने दाखवले. आजचा विमा याच मार्गाने चालतो.

कोष्टकात माणसांची विभागणी कशी करायची, हा प्रश्न मात्र गणिताने सुटत नाही. त्याचा अनुभव आपल्याकडेही आला. १८१८ साली कोलकात्यात ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनीपासून भारतात विमा सुरू झाला. पण परदेशी कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवायला नाखूश असत आणि उतरवलाच तर जादा दर लावत. १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल लाइफ अ‍ॅश्युरन्स सोसायटीने हिंदी लोकांचा विमा सर्वसाधारण दराने उतरवायला सुरुवात केली. युरोपमध्येही स्त्री-पुरुषांना वेगवेगळे दर लावणे योग्य नाही, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने मार्च २०११ मध्ये दिला आणि २१ डिसेंबर २०१२ पासूनच्या नव्या करारांना तो लागू झाला. स्त्रिया सरासरीने अधिक जगतात, हे आकड्यांत दिसत असूनही न्यायालयाने समानतेला झुकते माप दिले.

तंबाखूचे वेगळे कोष्टक

धूमपानाचे प्रकरण याहून निराळे आहे. हॅलेच्या काळी लंडनमध्ये तंबाखूचा मुबलक वापर होता. प्लेगपासून बचाव म्हणूनही लोक ती ओढत. मात्र तंबाखू ओढणारे आणि न ओढणारे यांचे निराळे कोष्टक करण्याची कल्पना यायला अडीचशे वर्षे जावी लागली. १९३८ साली रेमंड पर्ल या अमेरिकी संशोधकाने हॅलेच्याच धर्तीवर ते केले. तीस वर्षांच्या शंभर पुरुषांपैकी साठाव्या वर्षी किती हयात राहतात? त्याचे उत्तर असे होते : तंबाखू न वापरणारे सुमारे ६६, बेताने ओढणारे सुमारे ६२ आणि अतिधूमपान करणारे अवघे ४६.

ब्रिटनमधील डॉक्टरांच्या आरोग्याचा रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ पासून सुरू केलेला अभ्यास पन्नास वर्षे चालला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सतत धूमपान करणारे सरासरी दहा वर्षे आधी मरण पावतात. साठाव्या वर्षी सवय सोडली तर सुमारे तीन वर्षे, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी सोडली तर जवळपास सारीच दहा वर्षे परत मिळतात.

विमा कंपन्यांनी याची दखल घेतली ती १९६४ नंतर. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्जन जनरलचा धूमपानाच्या दुष्परिणामांवरील अहवाल प्रसिद्ध झाला आणि मॅसॅच्युसेट्समधील स्टेट म्युच्युअल कंपनीने धूमपान न करणाऱ्यांना स्वस्त दरात विमा देऊ केला. आज भारतातही मुदत विम्यात धूमपान करणारे आणि न करणारे यांचे दर वेगळे असतात. येथे केवळ सिगारेट मोजली जाते असे नाही. विडी, गुटखा आणि तंबाखू-चुना मळून खाणेही सर्वसाधारणपणे त्यात येते. लघवीच्या किंवा रक्ताच्या तपासणीत निकोटीनचा अंश सापडू शकतो.

तरीही अनेकजण अर्जात ‘नाही’ असे लिहून मोकळे होतात. हप्ता थोडा वाचतो, पण धोका वारसांच्या माथी बसतो. विमा घेतल्यापासून पहिल्या तीन वर्षांत मृत्यू झाला आणि महत्त्वाची माहिती दडवल्याचे उघडकीस आले तर कंपनी दावा नाकारू शकते. तीन वर्षांनंतर मात्र विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. कर्ता माणूस गेल्यावर घर सावरावे म्हणून घेतलेला विमा ऐन वेळी हातचा जावा, यासारखे दुर्दैव नाही. खरे सांगून थोडा अधिक हप्ता भरणे केव्हाही शहाणपणाचे. पुढे व्यसन सुटले तर दराचा फेरविचार होईल काय, हे कंपनीला आधीच विचारून ठेवावे.

वय, घराण्यातील आजार, जन्माचे स्थान या गोष्टी माणसाच्या हाती नसतात. त्यांवरून किती दर वाढवावा, याबद्दल समाजाने आणि न्यायालयांनी वेळोवेळी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. तंबाखू ही मात्र हाती असलेली गोष्ट आहे. अर्थात व्यसन सोडणे सोपे नसते, आणि तंबाखूचा विळखा गरिबाला अधिक घट्ट बसतो, हेही विसरून चालणार नाही. पण येथे माणूस एका कोष्टकातून उठून दुसऱ्या कोष्टकात जाऊन बसू शकतो. वयाच्या रकान्यात ती सोय नाही.

हॅलेने सांगितलेला धूमकेतू २५ डिसेंबर १७५८ रोजी योहान पालिच या जर्मन शेतकरी खगोलप्रेमीला दिसला. हॅले तेव्हा हयात असता तर एकशे दोन वर्षांचा झाला असता. तो आपल्याला पाहता येणार नाही, हे हिशेबात पक्क्या असलेल्या या गृहस्थाला ठाऊक होतेच. ग्रिनिचजवळच्या ली येथील सेंट मार्गारेट चर्चच्या आवारात पत्नीशेजारी त्याला दफन करण्यात आले. धूमकेतू यानंतर २०६१ साली येणार आहे. ब्रेस्लाऊच्या आकड्यांवर त्याने सुरू केलेला हिशेब मात्र विम्याचा अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाच्या हप्त्यात रोज नव्याने मांडला जात आहे.